पात्राचे नाव कोणी ठेवले?

कल्पित जगातल्या भूमिका वठवण्याचा जो खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ पासून खेळला जातो, त्याच्या ‘कॅरेक्टर शीट’वर अगदी वरची रिकामी जागा नावाची असते. बहुतेक खेळाडू ती सर्वांत शेवटी भरतात. पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी यांचे आकडे ठरतात, वंश आणि पेशा निवडला जातो, तलवार घ्यावी की धनुष्य या प्रश्नावर अर्धा तास जातो. मग कोणीतरी ‘चला, सुरू करू या’ म्हणतो आणि घाईघाईने काहीतरी भारदस्त, शक्यतो दोन-तीन जोडाक्षरांचे, लिहून टाकले जाते. या घाईत त्या खेळातला सर्वांत वाङ्मयीन क्षण हातचा निसटतो असे माझे मत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या क्षणाकडे थोडे थांबून पाहावे, म्हणून हा लेख.

खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. जग त्याचे, हवामान त्याचे, राक्षस आणि खानावळवालेही त्याचेच. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र वठवायचे. रंगमंच नाही, संहिता नाही, प्रेक्षकही नाहीत. जे घडते ते बोलण्यातून, आणि यशापयशाची शंका असेल तिथे फाशांतून. एकच कथानक महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालते. म्हणजे हा प्रकार कादंबरीपेक्षा आजीच्या गोष्टीला अधिक जवळचा, बोलता बोलता रचला जाणारा. कादंबरीतले नाव डोळ्यांनी वाचले जाते. ते कितीही अवघड असले तरी वाचक त्याचा नुसता आकार ओळखून पुढे सरकतो (रशियन कादंबऱ्या आपल्यापैकी अनेकांनी याच रीतीने वाचल्या आहेत). टेबलावरचे नाव मात्र हाकेसाठी असते. बोगद्यात अंधार आहे, वरून दगड कोसळतो आहे आणि सोबत्याला ओरडून सावध करायचे आहे, अशा वेळी जे तोंडात येत नाही ते नाव गळून पडते आणि त्या जागी ‘अरे, तो तुझा एल्फ’ येतो. नाव असूनही पात्र निनावी होते.

आरंभकाळात नावांची फारशी फिकीर कोणी केलेली दिसत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स आपल्या मुलांना आणि मित्रांना जमवून खेळत असे. डेव्ह आर्नसन हा त्याचा सहनिर्माता. गायगॅक्सच्या एका मुलाने आपल्या कागदावर पात्राच्या लिंगाची आणि वंशाची नोंद केली होती: पुरुष म्हणून ‘एम’, पुढे ‘एल्फ’. नाव लिहिलेलेच नव्हते. नोंद सलग वाचली गेली आणि पात्र ‘मेल्फ’ झाले. दुसऱ्या मुलाचे नाव अर्नेस्ट. त्यातल्या रोमन अक्षरांची उलटापालट होऊन ‘टेन्सर’ हा जादूगार जन्मला. जिम वॉर्ड या सहकाऱ्याचे नाव रोमन लिपीत शेवटाकडून वाचले की ‘ड्रॉमिज’ मिळतो. जॅक व्हान्स या कादंबरीकाराच्या जादूच्या कल्पनेवर खेळातली मंत्रपद्धती बेतलेली आहे. त्याच्या आडनावाची अक्षरे हलवून ‘वेक्ना’ हा मृत्यूलाही न जुमानणारा मांत्रिक तयार झाला. पुढे ही घरगुती गंमत छापली गेली. १९७८ च्या नियमपुस्तकात टेन्सरच्या तरंगत्या तबकडीचा मंत्र आहे, १९८५ च्या पुस्तकात मेल्फचा आम्लबाण आहे, आणि ज्यांना लेक जिनिव्हा कुठे आहे हेही ठाऊक नाही ते खेळाडू आजही तो बाण सोडतात.

या नावांविषयी माझी तक्रार नाही. ती सहज जिभेवर बसतात, पन्नास वर्षांच्या वापराने ती कमावलेली आहेत, आणि ‘मेल्फ’ तर मला मनापासून आवडते. पण त्यांचा जन्म खेळाच्या जगाबाहेर, एका खोलीतल्या हास्यविनोदात झाला आहे. त्या जगातल्या कुठल्या आईने पाळण्यातल्या मुलाला ‘ड्रॉमिज’ म्हटले असेल असे वाटत नाही. मित्रमंडळापुरते हे चालले, कारण ते जगच तेव्हा अर्धे-मुर्धे होते. खेळ वाढला, जगे मोठी झाली, तशी नावांची भूकही वाढली आणि मग दुसरेच टोक गाठले गेले. आर. ए. साल्वातोरे यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ (१९८८) या कादंबरीत ड्रिझ्ट डो’अर्डन हा काळ्या एल्फांच्या कुळातला योद्धा प्रथम आला आणि अफाट लोकप्रिय झाला. हे नाव संपादिकेशी फोनवर बोलताना तिथल्या तिथे सुचले आणि त्याचे स्पेलिंग विचारले तेव्हा आपल्याला ते सांगता आले नाही, ही हकीकत साल्वातोरे यांनीच सांगितली आहे. ड्रिझ्ट तरला तो साल्वातोरेंच्या चिकाटीमुळे. त्यांनी नंतर त्या नावामागे घराणी, मातृसत्ता आणि एक आख्खे भूमिगत शहर उभे केले. त्याच्या अनुकरणातून जे शेकडो अवतरणचिन्हांकित योद्धे निघाले त्यांच्यामागे काहीही नव्हते. नावाच्या मधोमध स्वल्पविराम लटकवला की भाषा तयार होते, ही समजूत मात्र रूढ झाली.

नाव कसे निवडावे याविषयीचा नेहमीचा सल्ला दोन वाक्यांत संपतो. नाव पात्राच्या स्वभावाला शोभावे. नावाचा काही अर्थ असावा. हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण माझ्या मते सगळी गडबड इथूनच सुरू होते. कारण तो खेळाडूला पात्राच्या आयुष्याच्या शेवटाशी उभे करतो. हा शूर निघणार, म्हणून नाव शौर्याचे. ही कपटी, म्हणून नावात सळसळ. खऱ्या जगात, आणि जे कल्पित जग खरे वाटावे अशी आपली इच्छा आहे त्यातही, नाव ठेवणाऱ्याला मुलाचे पुढे काय होणार हे ठाऊक नसते. त्याला स्वतःची आशा ठाऊक असते, घराण्याची रीत ठाऊक असते, मागच्या वर्षी गेलेल्या आजोबांचे नाव ठाऊक असते. नाव ही ठेवणाऱ्याची खूण असते. ज्याचे नाव आहे तो ते निभावतो, झुगारतो किंवा विसरतो. तेव्हा ‘माझ्या पात्राला कोणते नाव शोभेल’ या प्रश्नाआधी ‘माझ्या पात्राचे नाव कोणी ठेवले’ हा प्रश्न यायला हवा. त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याचे आपोआप मिळते. निदान पात्राला एक आई, एक गाव आणि एक भूतकाळ तरी मिळतो.

टॉल्किनचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते आणि नेहमी चुकीच्या कारणासाठी. त्याने आधी भाषा रचल्या, मग त्यांतून नावे काढली, म्हणून ती अस्सल वाटतात, असे म्हणतात. एल्फांपुरते ते बरेचसे खरे आहे. पण ‘द हॉबिट’ (१९३७) मधल्या बुटक्यांची, म्हणजे ड्वार्फांची, नावे त्याने सरळ उचललेली आहेत. प्राचीन नॉर्स भाषेतल्या ‘व्होलुस्पा’ या काव्यात बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक यादी येते. थोरिन, फिली, किली, बोम्बुर, दुरिन ही मंडळी तिथूनच आली. गँडाल्फही त्याच यादीतला. इतकेच काय, पहिल्या खर्ड्यात गँडाल्फ हे बुटक्यांच्या म्होरक्याचे नाव होते आणि जादूगाराचे नाव होते ब्लाडॉर्थिन. मूळ शब्दात ‘काठी’ आणि ‘एल्फ’ असे दोन घटक दिसतात. काठी घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला ते नाव अधिक शोभले आणि अदलाबदल झाली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या सुरुवातीच्या खर्ड्यांत फ्रोडोचे नाव बिंगो होते. ‘बिंगो’ आणि ती अंगठी एका वाक्यात ठेवून पाहावी, म्हणजे ते का बदलावे लागले हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे टॉल्किनही चाचपडतच होता. त्याचे मोठेपण मला दिसते ते नंतरच्या कामात. उसनी घेतलेली नावे त्याने तशीच सोडून दिली नाहीत. ती त्या जगात कोणी ठेवली असतील याचा शोध घेतला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात तो सांगतो की बुटक्यांची ही नावे त्यांची स्वतःची नव्हेतच. ती शेजारच्या उत्तरेकडल्या माणसांच्या भाषेतली, बाहेरच्या जगात वावरण्यापुरती घेतलेली आहेत. त्यांची खरी नावे ते परक्याला कधी सांगत नाहीत, थडग्यावरही कोरत नाहीत. उसनवारीची अडचण होती, तिचे एका समाजाच्या अबोल मानी स्वभावात रूपांतर झाले. टेबलाशी बसलेल्या खेळाडूने टॉल्किनकडून शिकावे ते हे. नवी भाषा रचायला आयुष्य लागते. नाव कुठूनही मिळालेले असो, त्याला त्या जगातला ठेवणारा मिळवून देणे मात्र एका संध्याकाळचे काम आहे.

हॉबिटांची नावे तर याहून सरस. शायरमध्ये मुलींना फुलांची आणि रत्नांची नावे ठेवतात. टुकांसारख्या जुन्या घराण्यांत मुलांना पुराणातली भारदस्त नावे ठेवण्याची हौस आहे, म्हणून पेरेग्रिन. आणि त्याला सगळे पिपिन म्हणतात. सॅमचे पूर्ण नाव सॅमवाइज, अर्थ साधारण ‘अर्धवट’ किंवा ‘भोळा’. त्याच्या वडिलांचे नाव हॅमफास्ट, ज्याचा अर्थ चक्क ‘घरकोंबडा’. घरकोंबड्या बापाने आपल्या मुलाचे नाव अर्धवट ठेवले आणि तो मुलगा आपल्या धन्याच्या पाठोपाठ जगाच्या टोकापर्यंत चालत गेला. स्वभावाला शोभेल असे नाव ठेवण्याच्या नियमाने गेले असते तर सॅमच्या वाट्याला निष्ठा किंवा धैर्य असा अर्थ असलेले एखादे नाव आले असते, आणि कादंबरीतला तिच्या जवळपास अर्धा जिव्हाळा गेला असता.

(या गोष्टींत टॉल्किन फार कडक होता. ई. आर. एडिसनच्या ‘द वर्म ओरोबोरोस’ (१९२२) या कादंबरीवर त्याचे प्रेम होते, पण तिच्यातली नावे त्याला ढिसाळ वाटत. त्यात डेमनलँड आणि विचलँड अशी राज्ये आहेत, आणि गोल्ड्री ब्लुझ्को नावाचा सरदार. टॉल्किनचे म्हणणे बरोबर आहे. तरीही गोल्ड्री ब्लुझ्को हे नाव एकदा ऐकल्यावर विसरता येत नाही, हेही नोंदवून ठेवतो.)

नाव ठेवणाऱ्याचा प्रश्न ज्या लेखिकेने कथेच्या गाभ्यातच आणून ठेवला ती म्हणजे अर्सुला के. ली ग्विन. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीच्या नायकाला तीन नावे आहेत आणि तिन्ही नावांचे धनी वेगळे. डनी हे आईने ठेवलेले. आई तो वर्षाचा व्हायच्या आत वारली. रानपाखरांना हाक मारून तो हातावर उतरवतो, म्हणून बरोबरीची मुले त्याला स्पॅरोहॉक, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याचे नाव, लावतात. आणि तेराव्या वर्षी नदीच्या थंड पाण्यातून पलीकडे आलेल्या त्या मुलाच्या कानात ऑगियन हा गुरू त्याचे खरे नाव सांगतो: गेड. पहिले नाव मायेचे, दुसरे सवंगड्यांचे, तिसरे सत्तेचे, कारण अर्थसीमध्ये ज्याला खरे नाव कळले त्याच्या हाती ती व्यक्ती येते. जगायचे असते ते मधल्या नावाने. ली ग्विनने एका लेखात स्वतःची पद्धत सांगितली आहे: नाव ती रचत नाही, ऐकू येईपर्यंत थांबते, आणि नाव ऐकू आल्याशिवाय तिला त्या पात्राविषयी लिहिता येत नाही.

गेडपेक्षाही तेनारची कथा मला जास्त बोलकी वाटते. ‘द टूम्ब्ज ऑफ अतुआन’ (१९७१) मध्ये एका लहान मुलीला थडग्यांच्या पुजारीणपदासाठी घरातून नेतात आणि विधिपूर्वक तिचे नाव काढून घेतात. त्यानंतर ती आऱ्हा, म्हणजे ‘भक्षिली गेलेली’. बऱ्याच वर्षांनी गेड तिला तिचे नाव परत देतो. आणि पुढे ‘तेहानू’ (१९९०) मध्ये ती एका शेतकऱ्याची विधवा म्हणून भेटते तेव्हा गावात तिला गोहा म्हणतात. तिच्या नवऱ्याने दिलेले नाव, एका लहानशा पांढऱ्या कोळ्याचे. मराठी वाचकाला, आणि विशेषतः वाचिकेला, इथे समजावून सांगण्यासारखे काही उरत नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव घेऊन सासरी गेलेल्या बायका आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. माहेरचे नाव उच्चारणारे शेवटचे माणूस गेले की ते नावही जाते. ली ग्विनने हे आपल्याकडून घेतले नाही, पण अद्भुतकथेतली नावे जेव्हा खरोखर काम करू लागतात तेव्हा ती अशा ठिकाणी हात घालतात.

आता पुन्हा टेबलाकडे. गंमत अशी की खेळाच्या नियमपुस्तकातच हे सगळे लिहून ठेवले आहे आणि ते कोणी वाचत नाही. २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक वंशाच्या वर्णनात नावांची एक यादी आहे आणि यादीच्या वर एक लहान परिच्छेद आहे. खेळाडूंची नजर थेट यादीवर जाते. पण खरे धन त्या परिच्छेदांत आहे. बुटक्यांचे नाव कुळातला वडीलधारा ठेवतो; ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले असते आणि ते त्या व्यक्तीचे नसून कुळाच्या मालकीचे असते. ज्याने कुळाच्या नावाला बट्टा लावला त्याचे नाव काढून घेतात आणि त्याला दुसरे कुठलेही बुटक्यांचे नाव घेण्यास मनाई असते. नोम या चिमुकल्या वंशात आई, बाप, कुळातला म्हातारा, आत्या-मावश्या, काका-मामा असे सगळेच एकेक नाव ठेवतात, वर टोपणनावे वेगळी. (आत्याच्या हक्काचे हे नाव वाचून मला बारशाची आठवण झाली, फक्त कानात ‘कुर्रर्र’ तेवढे राहिले.) एल्फ लहानपणीचे नाव शंभरेक वर्षे बाळगतात आणि मोठे झाल्याचे स्वतः जाहीर करून नवे नाव निवडतात. टीफलिंग म्हणजे पूर्वजांच्या सैतानी करारामुळे शिंगे-शेपटी घेऊन जन्मणारे लोक. त्यांच्यातले काही तरुण आशा, दुःख, वेदना अशी एखादी कल्पनाच नाव म्हणून घेतात आणि मग तिला जागण्याचा प्रयत्न करतात.

या एकेका परिच्छेदात एकेक कादंबरी आहे. ती बाजूला ठेवून खेळाडू खालच्या यादीतले बरे दिसणारे चौथे नाव उचलतो. २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुरवणीग्रंथात तर शंभर-शंभर नावांची कोष्टके आहेत: फासे टाका, आकडा पाहा, नाव घ्या. माणसांच्या नावांसाठी तिथे वेगवेगळ्या संस्कृतींचे मथळे दिले आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश हे स्वतंत्र, आणि ‘भारतीय’ हा एक. जर्मन आणि फ्रेंच यांना वेगळे मानायचे आणि कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच कोष्टक पुरे समजायचे, हा अन्याय आहेच, पण मला त्यातून दुसरा मुद्दा दिसतो. ‘भारतीय नाव’ अशी वस्तू अस्तित्वात नाही. बारा कोसांवर भाषा बदलते असे म्हणणाऱ्यांना हे माहीत असायला हवे. नावाच्या शेवटी राव लागतो की बा, जी लागते की शेट, पंत की आप्पा, यावरून आपल्याला माणसाचे वय, पेशा आणि पंगतीतली जागा ऐकू येते. ‘लीळाचरित्रा’तल्या बाइसा, महदाइसा, भटोबास या नुसत्या संबोधनांत त्या संबंधांची ऊब सातशे वर्षांनंतरही लागते. यादीतल्या नावाला ही ऊब नसते, कारण त्याला कोणी हाक मारलेली नसते.

मराठी मुले-मुली हा खेळ खेळतात तेव्हा दोन प्रकारची नावे पडतात. पहिला प्रकार इंग्रजी कादंबऱ्यांच्या सावलीतला: एल-, थॅल-, -ओरियन, -विन. दुसरा प्रकार संस्कृत शब्दकोशातला: अग्नि-, रुद्र-, -केतू, -ध्वज. दुसऱ्या प्रकारातल्या खेळाडूंना आपण काही स्वदेशी केले असे वाटते. मला दोन्हींत फरक दिसत नाही. आपल्याकडची अद्भुतरम्य कादंबरी ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या नावांनीच सुरू झाली. तेव्हापासून अद्भुत म्हणजे तत्सम, ही सवय आपल्या कानाला लागली आहे. ‘अग्निकेतू’ या नावाचा अर्थ तात्काळ कळतो आणि कळल्यावर काहीच उरत नाही. याउलट रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यांकडे पाहावे. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’, आणि त्या नाटकातली चिंची चेटकीण. या नावांना कोश नाही, पण ती मुलांच्या तोंडातून आल्यासारखी आहेत. चिंची हे नाव गल्लीतल्या पोरांनीच ठेवले असणार, तिच्या पाठीमागे, आणि ती वळली की पळत सुटून. नाव ऐकताच ती पोरेही दिसतात. अद्भुतात मराठी नाव कसे असावे याचा याहून चांगला धडा माझ्या माहितीत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. आपल्याकडे नाव ही निष्पाप गोष्ट नाही. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न बहुतेक वेळा आडनावासाठी विचारलेला नसतो. नावाने जात कळते, गाव कळते, कधी कधी बापाची निराशाही कळते. मुलगे जगत नाहीत म्हणून ठेवलेला धोंडू किंवा दगडू निदान मायेपोटी आलेला असतो. पण तिसरी-चौथी मुलगी झाली म्हणून ठेवलेल्या ‘नकोशी’चे काय? २०११ साली सातारा जिल्ह्यात या अर्थाची नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नव्याने नामकरण झाले. ज्याला किंवा जिला आपले नाव रोज एखाद्या ओझ्यासारखे वाहावे लागते, त्याला आठवड्यातून एका संध्याकाळी ‘एलोरियन’ व्हावेसे वाटले तर त्यात काय चुकले? त्या नावाला आई नाही, गाव नाही, कुळ नाही, हेच तर त्याचे सुख. ठेवणाऱ्याचा शोध घ्या असे सांगणारा माझ्यासारखा मनुष्य त्याला पुन्हा त्याच कुळात नेऊन बसवतो, असे कोणी म्हणू शकेल.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ज्याला निव्वळ सुटका हवी आहे त्याला मी अडवणार नाही. पण सुटकेचा तो मार्ग लवकर संपतो असे मला वाटते. एलोरियन ज्या जगात जातो तिथेही घराणी आहेत, मान-अपमान आहेत, अर्धरक्ताचे म्हणून हिणवले जाणारे लोक आहेत. सूत्रधार पहिल्याच रात्री खानावळवाल्याकडून विचारवतो, ‘कुठला रे तू, कोणाचा?’ यावर कोरे नाव गप्प बसते. ज्याने ठेवणाऱ्याचा विचार केला आहे त्याच्याकडे मात्र उत्तर असते, आणि ते उत्तर बंडाचेही असू शकते. टीफलिंग मुलगी स्वतःचे नाव ‘आशा’ ठेवते ते जगाने तिला आधीच दिलेल्या नावाला उत्तर म्हणून. नावाचा जाच ज्याने सोसला आहे तो खेळाडू या जागी इतरांपेक्षा पुढे असतो. नाव काढून घेणे म्हणजे काय, नवे नाव घेतल्यावर जुन्या नावाने मारलेली हाक कशी लागते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो अनुभव वापरायचा की दाराबाहेर ठेवायचा हा त्याचा अधिकार. फक्त, यादीतले चौथे नाव घेतले की हा अधिकारच हाती राहत नाही.

व्यवहाराचे म्हणाल तर कागदावर लिहिण्याआधी नाव तीनदा मोठ्याने म्हणून पाहावे: आईने जेवायला बोलावले तसे, शत्रूने हिणवले तसे, आणि सोबत्याने संकटात ओरडून सांगितले तसे. तिन्ही वेळा ते वेगवेगळे झाले पाहिजे. लांबले, तुटले, बिघडले पाहिजे. जे नाव बिघडवता येत नाही ते जिवंत नाही. आणि नावाचे स्पेलिंग सूत्रधाराला समजावून सांगावे लागत असेल तर ते घरी न्यावे.

एका खेळाडूने मात्र काहीच लिहू नये, असे मला फार दिवस वाटते आहे. समजा, कोणी बुटक्याचे पात्र घेतले आणि ठरवले की त्याचे नाव कुळाने काढून घेतले आहे. का, ते सध्या कोणाला सांगायचे नाही. कागदावरची पहिली जागा रिकामी. सोबती पहिल्या दिवशी त्याला ‘बुटका’ म्हणतील, दुसऱ्या दिवशी दाढीवरून किंवा कुऱ्हाडीवरून काहीतरी. तो कशालाच नीट उत्तर देत नाही. मग महिन्या-दोन महिन्यांनी, पूल कोसळत असताना, पलीकडच्या काठावरून नोम जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडतो: आधी न ठरवलेला, कुठल्याही यादीत नसलेला, दोन अक्षरांचा एक शब्द. टेबलाभोवतीचे सगळे त्या खेळाडूकडे पाहू लागतात. त्या हाकेला ‘ओ’ द्यायची की नाही, हे आता त्याला ठरवायचे असते, आणि फासे अजून सूत्रधाराच्या हातात असतात.